लॉगशीटवर सही कुणाची?

वाचकाचे पत्र, थोडक्यात

कळव्यात राहणारे आणि पन्नाशी ओलांडलेले हे वाचक ठाणे-नवी मुंबई पट्ट्यातील एका महापालिकेच्या परिवहन उपक्रमात नोकरीला आहेत. वाहक म्हणून भरती झाले, पुढे टाइमकीपर झाले आणि गेली काही वर्षे रेल्वे स्थानकाजवळच्या चौकीत बसून गाड्या सोडण्याचे काम करतात. युनियनच्या आगार समितीवरही ते आहेत. गेल्या दिवाळीपासून चौकीतले काम हळूहळू त्यांच्या हातून निघून जात आहे. एक तरुण वाहतूक अधिकारी मोबाइलच्या ग्रुपवरून थेट चालकांना सूचना देऊन गाड्या सोडतात, फेऱ्या रद्द करतात आणि ड्युट्या बदलतात. ते नसले की भाडेतत्त्वावरील गाड्यांच्या ठेकेदाराचा सुपरवायझर हेच करतो. टाइमकीपरला मागाहून फेऱ्यांच्या नोंदींच्या तक्त्याविषयी सांगितले जाते, "लॉगशीट भरून घ्या." दोन सहकाऱ्यांना चौकीतून हलवून आगारात पासच्या अर्जांची नोंद करायला बसवले आहे. युनियनने लेखी तक्रारीचा मसुदा तयार केला असून त्यावर या वाचकांची सही हवी आहे.

अडचण अशी की हे अधिकारी माणूस म्हणून चांगले आहेत. मुलीच्या ऑपरेशनच्या वेळी त्यांनी रजेसाठी एका शब्दानेही अडवले नाही. घोडबंदर रोडच्या संध्याकाळच्या गाड्या पूर्वीपेक्षा बऱ्या सुटतात, हेही खरे आहे. शेजारी म्हणतात, "गाडी आली की झाले, ती कुणी सोडली याच्याशी आम्हाला काय करायचे?" त्यातच धाकटा मुलगा त्याच ठेकेदाराकडे चालक आहे आणि तो म्हणतो, "बाबा, तुमच्या युनियनमुळे आमच्या पोटावर पाय येईल." वाचक विचारतात, सही केली तर उपकार विसरलो असे होईल, नाही केली तर सहकाऱ्यांना तोंड कसे दाखवू?

उत्तर

सप्रेम नमस्कार.

उत्तर मी शेवटपर्यंत लांबवत नाही. सही करावी, मात्र आज तुमच्यापुढे जो मसुदा आहे त्यावर नव्हे. त्यात काय बदलायला हवे ते पुढे सांगतो. त्याआधी तुमच्या शेजाऱ्यांच्या त्या वाक्याकडे वळायला हवे, कारण तुमचे पत्र वाचताना असे जाणवते की ते वाक्य तुम्हीही मनोमन मान्य करून टाकले आहे. गाडी सुटल्याशी मतलब, ती अधिकाऱ्याने सोडली काय, टाइमकीपरने सोडली काय आणि ठेकेदाराच्या माणसाने सोडली काय, असे एकदा मानले की मग तुमच्या युनियनचा आग्रह निव्वळ खुर्ची सांभाळण्याचा ठरतो. तसे असते तर मीही तुम्हाला सही करू नका असेच सांगितले असते.

भाडेतत्त्वावरील गाड्यांचा व्यवहार तुम्हाला चांगला ठाऊक आहे, पण इतर वाचकांसाठी तो थोडक्यात मांडतो. गाडी ठेकेदाराची, चालक ठेकेदाराचा, दुरुस्ती-देखभालही त्याचीच. तिकिटाचे उत्पन्न उपक्रमाकडे जमा होते आणि ठेकेदाराला गाडी जितके किलोमीटर धावली त्या हिशेबाने पैसे मिळतात. अशा करारांत फेरी चुकली तर सहसा दंड कापला जातो, आणि तो कापायचा की नाही हे फेरी कशामुळे चुकली यावर ठरते. चालक आलाच नाही, गाडीची बॅटरी रात्री चार्ज झाली नव्हती, दरवाजा लागत नव्हता, तर दोष ठेकेदाराचा. गायमुखच्या चढावर कंटेनर बंद पडला आणि मागची सगळी वाहतूक तुंबली, तर तो दोष त्याचा नाही. जीपीएस गाडी कुठे होती एवढेच सांगतो, ती वेळेवर का सुटली नाही हे त्याला कळत नाही. ते कारण लॉगशीटच्या शेवटच्या, शेऱ्याच्या रकान्यात असते. आजवर तो शेरा अशा माणसाने लिहिला, ज्याच्या खिशात त्या दंडापायी एक पैसा येत नाही आणि खिशातून एक पैसा जातही नाही.

आता तुमच्या चौकीत काय चालले आहे ते या नजरेने पाहा. ज्याला किलोमीटरमागे पैसे मिळायचे आहेत त्याचाच सुपरवायझर गाडी सोडतो, तोच फेरी रद्द करतो, कारणही तोच सांगतो आणि तुम्ही ते लिहून खाली सही करता. बिल ज्याचे, पुरावाही त्याचाच, आणि जबाबदारी मात्र तुमची. उद्या लेखापरीक्षणात एखाद्या महिन्याच्या फेऱ्या आणि दंड यांचा मेळ बसला नाही, तर खुलासा कुणाकडे मागितला जाईल? ठेकेदाराचा सुपरवायझर तुमच्या उपक्रमाचा नोकर नाही, त्याला चार्जशीट देता येत नाही. ग्रुपवरचा संदेश साहेबांनी पाठवला होता हे तुम्ही सांगाल, पण लॉगशीटवर साहेबांचे नाव कुठेच नसेल. चौकीतले काम काढून घेतले जात आहे, असे तुम्ही लिहिले आहे. मला तर दिसते ते असे की काम गेले आणि त्याचा जाब देणे तेवढे तुमच्याकडे उरले.

हा पैसा करदात्यांचा आहे, म्हणजे तुमच्या त्या शेजाऱ्यांचाही. पुढच्या वेळी ते कट्ट्यावर भेटले की युनियनचे नाव न काढता त्यांना इतकेच सांगून पाहा.

मुलाचा मुद्दा मला याहूनही महत्त्वाचा वाटतो, आणि तिथे तुम्ही दोघेही उलट्या बाजूने विचार करत आहात असे माझे मत आहे. समजा, संध्याकाळचे सव्वासात वाजले आहेत, स्थानकाबाहेर कासारवडवलीची रांग रिक्षा स्टँडपर्यंत गेली आहे आणि दुसऱ्या पाळीच्या एका चालकाने दांडी मारली आहे. तुमचा मुलगा सकाळी अकराला ड्युटीवर चढलेला आहे. सुपरवायझर त्याला ग्रुपवर सांगतो, "एक फेरी मार, मग जा." चौकीत तुमच्यासारखा जुना टाइमकीपर असता तर त्याने आधी लॉगशीटवर चालकाच्या चढण्याची वेळ पाहिली असती, मध्ये जेवणाला सुट्टी मिळाली होती का ते विचारले असते आणि "याला नको, याचे तास भरले" असे म्हटले असते. मोबाइलवरच्या संदेशाला ही वेळ दिसत नाही, आणि तो पाठवणाऱ्याला ती पाहायची गरजही वाटत नाही. घोडबंदर रोडची फेरी एकदा सुरू झाली की ती किती वाजता संपेल याचा नेम नसतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

१९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास ही कामाची मर्यादा घातली होती, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती बंधनकारक केली होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून या कायद्याची जागा व्यावसायिक सुरक्षेच्या नव्या संहितेने घेतली असली तरी दिवसाला आठ तासांची मर्यादा तिच्यातही आहे. मालक कोण हा प्रश्न इथे येत नाही. उपक्रमाच्या चालकाला जे तास लागू, तेच ठेकेदाराच्या चालकालाही. पण तास मोजले गेले तरच मर्यादेला अर्थ, आणि ते मोजणारा, ठेकेदाराच्या पगारावर नसलेला माणूस त्या जागी एकच आहे, तो म्हणजे टाइमकीपर. तुमच्या कामावरचे अतिक्रमण म्हणजे तुमच्या मुलाच्या विश्रांतीवरचे अतिक्रमण आहे. हे त्याला वाद घालून पटणार नाही. तो दमून घरी आला असताना तर मुळीच नाही. त्याऐवजी गेल्या पंधरवड्यात तो रोज किती वाजता चढला आणि किती वाजता उतरला एवढे त्याला एका कागदावर लिहून काढायला सांगा. पुढचे बोलणे त्या कागदावरून आपोआप निघेल.

त्याची भीती मात्र खोटी नाही. वागळे इस्टेट आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यात ज्यांची घरे चालली, त्यांच्या मनात युनियन म्हटले की बंद गेटही उभे राहते. शिवाय कायम कामगारांच्या युनियनांनी कंत्राटी कामगारांना बरीच वर्षे आपले मानले नाही, हेही कबूल करायला हवे. तुमच्या मसुद्यात 'ठेकेदाराचे चालक नियम पाळत नाहीत' अशा अर्थाचे वाक्य आहे, असे तुम्हीच लिहिले आहे. ते वाक्य काढून टाका. नियम पाळायचा की मोडायचा हे त्या पोरांच्या हातात नाही. त्यांना सूचना देणारा वेगळा आहे. त्या जागी ठेकेदाराच्या चालकांचे तासही टाइमकीपरनेच नोंदवावेत, ही मागणी घाला. मग तुमची तक्रार मुलाच्या पोटावर पाय देणारी राहणार नाही, आणि आगारातल्या निम्म्या चालकांना युनियन पहिल्यांदाच त्यांच्या बाजूने बोलताना दिसेल.

मसुद्यातली दुसरी खटकणारी गोष्ट म्हणजे 'अधिकाऱ्यांनी चौकीच्या कामात कोणत्याही प्रसंगी हस्तक्षेप करू नये' ही मागणी. हे अति आहे आणि चर्चेला बसल्यावर पहिल्या पाच मिनिटांत तुम्हाला ते सोडावे लागेल. जुलैच्या पावसात रुळांवर पाणी येऊन लोकल थांबतात आणि हजारो माणसे एकदम रस्त्यावर उतरतात, तेव्हा अधिकाऱ्याने मैदानात उतरून गाड्या फिरवल्याच पाहिजेत. न उतरला तर आपणच त्याला नावे ठेवू. आपली हरकत रोजच्या कामाला असावी, आपत्तीतल्या कामाला नव्हे. तेव्हा मसुद्यात असे लिहा की अपघात, अतिवृष्टी किंवा रस्ता बंद अशा प्रसंगी अधिकारी थेट सूचना देऊ शकतील, मात्र त्या सूचनेची वेळ आणि देणाऱ्याचे नाव त्याच दिवशी लॉगशीटवर येईल. एरवी गाडी सोडणे, फेरी रद्द करणे आणि ड्युटी बदलणे टाइमकीपरमार्फतच होईल. ठेकेदाराच्या सुपरवायझरला मात्र कोणत्याच प्रसंगी फेरी रद्द करण्याचा अधिकार नको. इथे तडजोड करू नका.

आता संध्याकाळच्या गाड्या बऱ्या सुटतात त्याविषयी. हे तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलेत, त्यामुळे तुमच्या बाकीच्या म्हणण्यावरही माझा विश्वास बसला. गाड्या सुधारल्या त्या साहेबांनी सोडल्या म्हणून, की त्यांच्या मोबाइलवर सगळ्या गाड्यांचे ठिकाण दिसते आणि तुमच्या चौकीत ते दिसत नाही म्हणून? तीन गाड्या एकामागोमाग कापूरबावडीला अडकल्या आहेत हे ज्याला दिसते तो चौथी गाडी दहा मिनिटे थांबवतो. तुम्हाला ते दिसले असते तर तुम्हीही थांबवली असती. तेव्हा ती स्क्रीन चौकीत आणा आणि टाइमकीपरना शिकवा, ही तुमची पहिली मागणी असायला हवी. मसुद्यात ती नाही याचे मला नवल वाटले. आणि स्पष्टच बोलायचे तर, चौकीतल्या कुणी "आम्हाला ते जमत नाही, आमचे वय झाले" असे म्हणत टॅब हातात घ्यायचे टाळले असेल, तर काम निसटायला तिथूनही सुरुवात झालेली असते.

कायद्याच्या बाबतीत दोन-तीन गोष्टी माहीत असाव्यात, बाकीचे वकिलावर सोडा. कामगारांच्या सेवाशर्तींत ठरावीक प्रकारचे बदल करायचे झाल्यास मालकाने एकवीस दिवसांची पूर्वसूचना द्यावी, अशी तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ९-अ मध्ये होती. त्या कायद्याच्या जागी आलेल्या औद्योगिक संबंध संहितेच्या कलम ४० मध्ये ती कायम आहे. पण अधिकाऱ्याने टाइमकीपरचे एखादे काम केले म्हणजे ही सूचना लागू झालीच, असे समजू नका. कामाचे तास, पाळ्या, चालत आलेला प्रघात बदलणे, किंवा एखाद्या खात्यातली माणसे कमी करणे अशा बाबींची यादी कायद्यात आहे आणि आपली बाब त्यांपैकी एकीत बसते हे आपल्याला दाखवावे लागते. तुमच्या बाबतीत ते दाखवता येईल असा धागा म्हणजे आगारात हलवलेले ते दोन सहकारी. चौकीत पूर्वी किती टाइमकीपर होते, आता किती आहेत आणि बदल कोणत्या आदेशाने झाला, हे कागदावर आणा. त्याचप्रमाणे उपक्रम आणि युनियन यांच्यातल्या जुन्या करारांत टाइमकीपरची कर्तव्ये लिहिली आहेत का ते शोधा. लेखी करार न पाळणे ही अनुचित कामगार प्रथा आहे, हे महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यातही आहे आणि नव्या संहितेतही. त्या १९७१ च्या कायद्यात अशा तक्रारीसाठी घटनेपासून नव्वद दिवसांची मुदत घातलेली आहे. दिवाळीपासून चाललेल्या गोष्टीबद्दल युनियन आता मसुदा करते आहे, हे ऐकून मला थोडी काळजी वाटली ती यामुळे. शिवाय बरेच दिवस कुणी काही बोलले नाही, तर 'ही पद्धत सगळ्यांना मान्य होती' असे म्हणायला समोरच्याला जागा मिळते. वकिलाची भेट या आठवड्यातच घ्या.

कामबंदची भाषा आगारात सुरू झाली असेल तर ती थांबवण्याचे काम तुमच्यासारख्या ज्येष्ठांनीच करायला हवे. औद्योगिक संबंध संहितेप्रमाणे संपाआधी किमान चौदा दिवसांची नोटीस लागते, आणि एका सकाळी गाड्या अचानक उभ्या राहिल्या तर ज्यांना तुमची बाजू समजावून सांगायची आहे तेच प्रवासी थांब्यावर ताटकळत उभे असतील.

रोजच्या कामात काय करावे, हे तुम्ही थेट विचारलेले नाही, पण माझ्या मते खरी गरज तिथेच आहे. साहेबांचा आदेश आला तर तो आधी पाळा आणि त्याच दिवशी लेखी हरकत नोंदवा. सर्वांसमोर नकार दिला तर मूळ प्रश्न बाजूला राहून तुमच्यावर शिस्तभंगाची कारवाई सुरू होते. याला अपवाद दोनच. चालकाचे तास भरलेले असताना किंवा गाडीत दोष असताना ती सोडायला सांगितली, तर सोडू नका आणि का सोडली नाही ते लिहा. आणि जे तुम्ही पाहिले नाही ते पाहिल्यासारखे लॉगशीटवर लिहू नका. "भरून घ्या" असे सांगितले तर भरा, पण शेऱ्यात लिहा: 'अमुक यांनी इतके वाजून इतक्या मिनिटांनी दूरध्वनीवरून दिलेल्या माहितीवरून नोंद केली, गाडी प्रत्यक्ष पाहिली नाही.' एवढ्या एका ओळीने जबाबदारी जिथली तिथे जाते. तिला कुणी बेशिस्त म्हणू शकत नाही, कारण ती निव्वळ खरी आहे. तिन्ही पाळ्यांच्या टाइमकीपरनी ही ओळ लिहायला सुरुवात केली तर ग्रुपवरून गाड्या सोडण्याचा उत्साह आपोआप कमी होईल, असा माझा अंदाज आहे. याशिवाय घरी एक साधी वही ठेवा: तारीख, गाडीचा क्रमांक, कुणी काय सांगितले, किती वाजता. चोरून आवाज ध्वनिमुद्रित करण्याच्या फंदात पडू नका.

ठेकेदाराबरोबरच्या करारात फेरी रद्द करण्याचा अधिकार कुणाला दिला आहे आणि दंड कसा आकारायचा आहे, हे पाहिल्याशिवाय चर्चेला बसू नका. महापालिकेचा उपक्रम हे सार्वजनिक प्राधिकरण असल्याने २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली कराराची प्रत मागता येते आणि तीस दिवसांत उत्तर मिळायला हवे. हा अर्ज कोणताही नागरिक करू शकतो. तो तुम्हीच करावा असे नाही. तुमच्या त्या शेजाऱ्यांपैकी कुणी केला तर उत्तमच.

याच सुमारास नवी मुंबईतल्या एका वाहक भगिनींचे पत्र आले आहे. गाडीतून उतरवून त्यांना थांब्यावर तिकिटे फाडायला उभे केले आहे आणि चालक एकटा गाडी नेतो. मुंबईत बेस्टच्या भाड्याच्या काही गाड्यांवर हा प्रयोग झालेला आहे, तेव्हा ही कल्पना नवी नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २९ प्रमाणे टप्पा वाहतुकीच्या, म्हणजे थांब्याथांब्यावर प्रवासी घेणाऱ्या गाडीवर वाहकाचे काम करायला वाहकाचा परवाना लागतो, आणि चालकाकडूनच ते काम करून घ्यायचे तर राज्य शासनाने ठरवलेल्या अटी पाळाव्या लागतात. त्यांनीही आपल्या आगारात आधी त्या अटींविषयी विचारावे. बाकी त्यांचा प्रश्न वेगळा आणि मोठा आहे: गाडीत म्हातारी माणसे चढताना घंटी मारून गाडी थांबवणारा कुणी उरत नाही. त्याविषयी स्वतंत्रपणे लिहीन.

राहता राहिला साहेबांचा प्रश्न. मुलीच्या ऑपरेशनसाठी रजा मिळाली ती तुमच्या खात्यावर शिल्लक होती म्हणून. त्यांनी ती अडवली नाही, हा त्यांचा चांगुलपणा आणि त्याबद्दल तुम्ही त्यांचे आभार मानलेच असतील. त्या उपकाराची फेड चौकीतल्या नोंदींनी करायची नसते. तक्रारीत त्यांचे नाव नको, पद्धतीचे वर्णन हवे. आणि खाली एकट्या तुमची सही नको, सगळ्या टाइमकीपरच्या सह्या हव्यात, पाळीच्या क्रमाने. पत्र वर जाण्याच्या आदल्या दिवशी त्यांना चौकीतच भेटा, हातात प्रत द्या आणि सांगा की साहेब, उद्या हे पत्र जाणार आहे, ते तुम्हाला दुसऱ्याकडून कळू नये म्हणून आलो. तेही वरून आलेल्या दबावाखाली हे करत असण्याची शक्यता मला बरीच वाटते. फेऱ्या का चुकल्या याचे उत्तर त्यांनाही दर महिन्याला कुठेतरी द्यावे लागत असणार. स्क्रीन चौकीत बसवण्याची मागणी त्यांना पटली, तर तसे दोन ओळींचे टिपण त्यांनी स्वतःहून वर पाठवावे, अशी विनंती त्यांना त्याच भेटीत करा.